जीन आहे, पण काम होतंय का? : डीएनए, आरएनए आणि आपली बोंडअळी

(माजलगाव येथील जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

पत्रिकेवर विषय छापलाय 'डीएनए आणि आरएनए : रचना व कार्य'. त्यामुळे अकरावी-बारावीची मुलं पुढे बसलीत आणि बाकीचे लोक दाराजवळ, म्हणजे कंटाळा आला की उठून जाता येतं. दाराजवळच्यांना आधीच सांगतो, आज मी बोलणार आहे ते सगळं कापसावर. थोडं थांबा.

प्रश्न तुमचाच आहे. पाकिटावर बीटी लिहिलेलं, पैसे बीटीचे घेतलेले, मग बोंड फोडलं की आत गुलाबी अळी कशी? २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात हा प्रश्न घरोघरी होता. त्यावर पारावर एकच उत्तर ऐकू यायचं, 'बियाणं बोगस'. बोगस बियाणं विकलं जातं, मी नाही म्हणत नाही. पण झाडात बीटीचा जीन बरोबर जागेवर होता आणि तरीही अळी जगली, असंही मोठ्या प्रमाणावर झालं. हे कसं, ते समजायचं तर जीन म्हणजे काय, त्याची नक्कल म्हणजे काय आणि त्यातून काम कसं होतं, एवढं बघावं लागतं. बारावीचा धडा आणि बोंडातली अळी इथे एकत्र येतात.

आधी डीएनए. दोन पदरी सुंभाचा दोर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पदर म्हणजे साखर आणि फॉस्फेट यांची एकाआड एक साखळी. प्रत्येक साखरेला आतल्या बाजूला एक 'अक्षर' लटकलेलं असतं. अक्षरं चारच. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. आपण ए, टी, जी, सी म्हणू. एका पदरावर ए असेल तर समोरच्या पदरावर टीच येणार, जी असेल तर सीच येणार. ए-टीच्या मध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीच्या मध्ये तीन. बंध एकेकटे अगदी कच्चे, पण लाखोंनी असल्यामुळे दोर टिकतो आणि गरज पडली की चेन उघडल्यासारखा उघडतो. दोन्ही पदरांच्या दिशा उलट असतात, रस्त्यावरच्या दोन लेनसारख्या. साधारण दहा जोड्यांना एक पीळ पूर्ण होतो. दोराची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन.

ह्या जोड्यांच्या नियमात सगळी गंमत आहे. एक पदर हातात असला की दुसरा कसा असणार ते आपोआप ठरतं. पेशीचे दोन भाग होताना दोर उकलतो, प्रत्येक पदरासमोर नवा पदर विणला जातो, आणि एकाचे दोन दोर तयार. सरकीचं एक बी रुजून पुरुषभर झाड होतं, तेव्हा हेच असंख्य वेळा घडलेलं असतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८६९ मध्ये फ्रेडरिक मीशर नावाच्या तरुण डॉक्टरनं दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून हा पदार्थ वेगळा केला. त्याचं मोल कळायला पुढं पाऊणशे वर्षं गेली. १९५२ मध्ये लंडनला रोझालिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेत डीएनएचा क्ष-किरण फोटो निघाला आणि १९५३ मध्ये वॉटसन-क्रिक यांनी दुहेरी पिळाची रचना मांडली. तो फोटो फ्रँकलिनबाईंना न विचारता त्यांना दाखवला गेला होता. पाठ्यपुस्तकात दोनच नावं येतात, म्हणून तिसरं मुद्दाम घेतलं.

आता आकडे बघा. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. आपल्याकडे गुणसूत्रं ४६, आणि आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीकडे ५२. प्रथिनं बनवणारे जीन माणसात वीस हजारांच्या आसपास, कपाशीत सत्तर हजारांच्या आसपास. तेव्हा जीन जास्त म्हणजे हुशारी जास्त, असं काही नाही.

जीन म्हणजे ह्या लांबलचक दोरातला एक तुकडा, ज्यात एखादं काम लिहिलेलं आहे. पण लिहिलेलं असणं वेगळं आणि काम होणं वेगळं. ह्या दोन्हींच्या मध्ये आरएनए येतो.

तहसीलच्या अभिलेख कक्षात जमिनीचं मूळ रेकॉर्ड असतं. ते कुणी घरी नेऊ देत नाही. तुम्ही अर्ज करता, नक्कल मिळते, नक्कल घेऊन पुढच्या कामाला जाता. काम झालं की त्या कागदावर कुणीतरी भजी खातं. पेशीतही तसंच. मूळ डीएनए पेशीच्या केंद्रकात राहतो. ज्या जीनची गरज आहे तेवढाच भाग उकलतो, त्याच्या एका पदरावरून नक्कल निघते, ती नक्कल केंद्रकाबाहेर जाते. ह्या नकलेला मेसेंजर आरएनए म्हणतात.

डीएनए आणि आरएनए यांच्यात फरक किती? आरएनएच्या साखरेवर एक ऑक्सिजन जास्त आहे, टीच्या जागी यू म्हणजे युरॅसिल आहे, आणि आरएनए बहुतेक वेळा एकपदरी असतो. ऑक्सिजनच्या एका अणूनं काय मोठं होणार, असं वाटेल. पण त्या जागी असलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट स्वतःच्याच साखळीवर वार करतो आणि आरएनए तुटतो. डीएनएमध्ये तो गट नाही म्हणून डीएनए टिकाऊ. सायबेरियाच्या बर्फात गाडलेल्या मॅमथच्या दातांतला दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचता आला. पेशीतला मेसेंजर आरएनए काही मिनिटं, काही तास, फार तर काही दिवस टिकतो. आणि तो तसाच हवा. नक्कल कायम राहिली तर काम थांबवायचं कसं?

नक्कल रायबोसोमपाशी पोचली की तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल. अमिनो आम्लं वीस, शब्द चौसष्ट. त्यातले तीन शब्द 'थांबा' सांगणारे. शब्द जास्त आणि आम्लं कमी, म्हणून एकाच आम्लासाठी कधी दोन, कधी चार, कधी सहा शब्द चालतात. हा कोश उलगडण्यात आपल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा. त्यासाठी १९६८ चं नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळालं. योग्य अमिनो आम्ल उचलून आणणारे हमाल असतात, तेही आरएनएच, ट्रान्सफर आरएनए. आणि रायबोसोमचा गाभासुद्धा आरएनएचाच. म्हणजे नक्कल, हमाल आणि कारखाना, तिन्हीकडे हाच. डीएनएचं नाव मोठं झालं, पण राबतो आरएनए.

वाचताना एखादं अक्षर गळालं तर? मुलांनो, लिहा : बबन, मदन, रमण, शरद. तीन-तीन अक्षरांची चार नावं. आता 'मदन'मधला न काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा. बबन, मदर, मणश, रद. गळालं एकच अक्षर, पण तिथून पुढं सगळा घोळ. पेशीत असा घोळ झाला की लवकरच चुकून एखादा 'थांबा' शब्द तयार होतो आणि प्रथिन अर्धवट सुटतं. हे लक्षात ठेवा, अळीपाशी लागणार आहे.

तर आता बीटी. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये १९०१ ला रेशमाच्या किड्यांच्या रोगातून तो सापडला आणि पुढं जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. तो एक स्फटिकासारखं प्रथिन बनवतो. अळीच्या पोटात अल्कधर्मी रस असतो, त्यात ते विरघळतं, कापलं जाऊन कामाला तयार होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं आणि भोकं पाडतं. अळी खायची थांबते आणि मरते. आपलं जठर आम्लधर्मी आहे आणि चिकटायला लागणारी ती प्रथिनं आपल्या आतड्यात नाहीत. कुलूपच नाही तर किल्ली काय करणार.

ह्या प्रथिनाचं नाव क्राय-वन-एसी. अमिनो आम्लं बाराशेच्या आत, म्हणजे जीन साधारण साडेतीन हजार अक्षरांचा. जिवाणूतला जीन जसाच्या तसा झाडात टाकला तेव्हा झाडानं प्रथिन फारच थोडं केलं. कारण नकलेत होतं. जिवाणूच्या लिखाणात ए आणि टीचा भरणा जास्त, आणि झाडाच्या पेशीला त्यातले काही पट्टे भलत्याच खुणा वाटायचे. नक्कल मध्येच कापली जायची किंवा लवकर संपायची. मग शास्त्रज्ञांनी जीन नव्यानं लिहिला. अमिनो आम्लं जवळपास तीच, पण शब्द झाडाला रुचणारे. एकाच आम्लाला अनेक शब्द चालतात असं मघाशी म्हटलं, त्याचा हा उपयोग. मग झाडात प्रथिन भरपूर होऊ लागलं. बीटी कपाशीची ही अर्धी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

भारतात ह्या कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यात आपल्या शेजारच्या जालन्याची महिको कंपनी होती. २००६ मध्ये दोन जीनवाली, क्राय-वन-एसी आणि क्राय-टू-एबी असलेली बीजी-टू आली. आज तुम्ही घेता ती हीच.

आता पहिली मेख. जीन झाडाच्या प्रत्येक पेशीत आहे. मुळात, पानात, पात्यात, बोंडात, पहिल्या दिवशी आणि दीडशेव्या दिवशीही. पण प्रथिन सगळीकडे सारखं नसतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं, की क्राय-वन-एसी प्रथिन पानांत जास्त, तर बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात कमी असतं, आणि झाडाचं वय शंभर-सव्वाशे दिवसांकडे गेलं की उतरत जातं. नेमकी गुलाबी अळी फुलात-बोंडात शिरते आणि हंगामाच्या उत्तरार्धात वाढते. मूळ रेकॉर्ड जागेवर, पण जिथं हवं तिथं काम अपुरं.

दुकानात किंवा शेतात पान चुरगाळून पट्टी बुडवून तपासतात, दोन रेघा आल्या की बीटी. ती पट्टी डीएनए बघत नाही, प्रथिन बघते. डीएनए बघायचा तर पीसीआर करावा लागतो. कोरोनात सगळ्यांना माहीत झालेला आरटी-पीसीआर तोच, फक्त कोरोना विषाणूकडे आरएनए असतो म्हणून आधी आरएनएचा डीएनए करून मग तपासतात. तक्रार करताना कुठली तपासणी झाली हे विचारा. पट्टीवर रेघ आली म्हणजे बोंडात पुरेसं प्रथिन आहे, असं सिद्ध होत नाही.

दुसरी मेख अळीच्या डीएनएत आहे, आणि ती मोठी आहे. अळीच्या आतड्यात बीटी प्रथिन ज्याला चिकटतं, त्यातल्या एकाचं नाव कॅडहेरिन. हेच कुलूप बिघडलं तर किल्ली चालणार नाही.

इथं आरएनएबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. झाडं, अळ्या, आपण, ह्या सगळ्यांच्या जीनमध्ये कामाच्या मजकुरामध्ये बिनकामाचे तुकडे पडलेले असतात. कच्ची नक्कल निघते ती सगळ्यासकट. मग पेशी बिनकामाचे तुकडे कापते आणि कामाचे जोडते. ह्याला स्प्लायसिंग म्हणतात. कुठं कापायचं, त्याच्या खुणा मजकुरातच असतात. मूळ डीएनएत काही बिघाड झाला की खुणा चुकतात, कात्री भलतीकडे चालते.

२०१० आणि २०११ मध्ये भारतातल्या कपाशीच्या शेतांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्यांचा अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अळ्यांमध्ये कॅडहेरिन जीनचे आठ नवे बिघडलेले प्रकार सापडले. आणि त्या आठ प्रकारांतून नकला निघाल्या एकोणीस तऱ्हेच्या! एकाच बिघडलेल्या जीनमधून कात्री कधी अशी, कधी तशी. प्रत्येक नकलेत एकतर अवेळी 'थांबा' शब्द, नाहीतर किमान ९९ अक्षरांचा तुकडा गायब, नाहीतर दोन्ही. आपलं बबन-मदन-रमण. कुलूप मोडकं, म्हणून किल्ली निकामी. पुढं २०१८ मध्ये दुसऱ्या प्रथिनाला, क्राय-टू-एबीला दाद न देणाऱ्या अळ्यांबद्दल संशोधन आलं. त्यात भारतातल्याही अळ्या होत्या. जीन वेगळा, पण तिथंही नकलेचे तुकडे चुकीचे जोडलेले. म्हणजे पाकिटातलं बी खरं असू शकतं, झाडात जीन खरा, आरएनए खरा, प्रथिनही खरं. बदललेली असते ती अळी.

एक गैरसमज काढू. अळीनं बीटी खाल्लं म्हणून तिचा डीएनए बदलला, असं नाही. असे बिघाड आधीपासून थोड्या अळ्यांत असतातच. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, एकमेकींशी जुळल्या, वाढल्या. निवड आपण केली, शेतात बीटीशिवाय काही न ठेवून.

प्रत्येक अळीकडे ह्या जीनच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत चांगली असली तरी कुलूप बनतं आणि अळी मरते. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच ती जगते. म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची. बांधाकडेनं ती लावली तर तिथं साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुळले, तर पिल्लांत एक प्रत चांगली येते, आणि ती पिल्लं बीटीवर मरतात. ती पुडी किती जणांनी लावली, हे इथं हात वर करायला सांगून मी कुणाची पंचाईत करणार नाही. काही पाकिटांत त्याऐवजी तुरीचं बी यायचं. अमेरिकन बोंडअळीसाठी ते ठीक, ती तूर खाते, हरभरा खाते, तिला आपल्या शेतात आसरा आपोआपच मिळतो. गुलाबी अळीचं मुख्य अन्न कपाशीच. तिच्या बाबतीत तुरीचा उपयोग शून्य. नंतर पाकिटातच बिगर-बीटी बी मिसळून यायला लागलं.

आणखी एक अडचण खास आपली. जगात बहुतेक ठिकाणी कपाशीचे सरळ वाण लावतात, आपण संकरित. संकरित झाडात एका बीटी जीनची प्रत एकच असते, एका पालकाकडून आलेली. त्यामुळे बोंडातल्या सरकीत तो जीन तीन बियांत असला तर चौथ्यात नसतो, साधारण असं प्रमाण पडतं. गुलाबी अळी बोंडात राहून सरकीच खाते. एक बी विषारी, दुसरं बिनविषारी, म्हणजे पूर्ण मात्रा नाही, अर्धीमुर्धी. एक चांगली प्रत असलेली, एरवी मेली असती अशी अळीही त्यात तगू शकते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून बीटी कपाशी आहे, तीच अळी आहे. प्रयोगशाळेत निवड केली तर तिच्याही कॅडहेरिनमध्ये बिघाड वाढतात. पण शेतात तसं झालं नाही. सुरुवातीची वर्षं त्यांनी बिगर-बीटी पट्टे खरोखर लावले, नंतर वांझ पतंग मोठ्या संख्येनं सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिकडचे शेतकरी फार शहाणे, असा अर्थ काढू नका. शेतं मोठी, वाण सरळ, हंगाम आटोपशीर, आणि यंत्रणा दारात उभी. दोन एकरवाल्याला कुणी नीट समजावून न सांगता पुडी दिली, तर तो ती लावणार कशाला? माझ्या मते दोष पुडी फेकणाऱ्यापेक्षा ती फक्त टेकवणाऱ्यांचा जास्त आहे.

बरं, प्रश्न घेऊ.

प्रश्न : बीटी सरकीची पेंड म्हशीला घालतो. तो जीन दुधातून आपल्यात येतो का?

तुम्ही भाकरी खाता तेव्हा ज्वारीचा डीएनए खाता, भाजीत मेथीचा. आजवर कोट्यवधी जीन पोटात गेले. आतड्यातली विकरं डीएनए-आरएनएचे तुकडे करतात, अगदी अक्षरांपर्यंत. बीटीचा जीनही त्याच चार अक्षरांचा, त्याला वेगळी वागणूक मिळत नाही. पेंडीबद्दल काळजी करायची तर बुरशीची करा. ओली पेंड साठवू नका.

प्रश्न : घरची सरकी पुढच्या वर्षी लावली तर?

संकरिताची पुढची पिढी फुटते. काही झाडं उंच, काही ठेंगणी, काहींत बीटी जीन आहे, काहींत नाही. उत्पन्न पडतं. सरळ वाण असेल तर घरचं बी चालतं.

प्रश्न : आरएनएची फवारणी निघाली म्हणतात, खरं का?

खरं आहे. अळीच्या एखाद्या गरजेच्या जीनशी जुळणारा दुपदरी आरएनए पोटात गेला की पेशी स्वतःचीच ती नक्कल तोडून टाकते. डीएनए तसाच, पण नक्कल गायब, काम बंद. अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंग्यासाठी असं औषध २०२३ मध्ये मंजूर झालं. पण पतंगवर्गीय अळ्यांच्या पोटात आरएनए फार लवकर तुटतो, म्हणून बोंडअळीवर हे अवघड जातं. कुणी गावात येऊन आत्ताच विकायला लागला तर पावती आणि नोंदणी क्रमांक मागा.

प्रश्न : सर, मग यंदा करायचं काय? धरणाचं पाणी आहे, फरदड ठेवावी वाटते.

पाणी आहे म्हणूनच सांगतो, फरदड नको. अळीला जानेवारी-फेब्रुवारीत हिरवी बोंडं मिळाली की तिची एक-दोन पिढ्यांची सोय होते, आणि ह्या पिढ्या बीटी पचवलेल्यांच्याच असतात. डिसेंबरअखेर पीक काढा. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, अळी तिच्यावरच्या किडक्या बोंडांत झोपून राहते. जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीतही राहते, तिथं सापळे लावायला सांगा. शेतात पाती लागल्यापासून एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार करा. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा, कारण अळी एकदा बोंडात शिरली आणि भोक बुजलं की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि पेरणी जूनच्या पावसावरच करा. मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी लवकर फुलावर येते, आणि पहिल्या पतंगांना तीच सापडते.